आयर्विनला किती?

जुलै लागला की आमच्याकडं फोनवर हॅलोच्या आधी एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात माझ्या नवऱ्याला (पक्का पुणेकर) वाटलं की आयर्विन म्हणजे आमचा कुणीतरी पाव्हणा असावा, दवाखान्यात ॲडमिट असलेला, आणि आम्ही मायलेकी रोज त्याचं काहीतरी मोजतोय. मी विचारायचे किती, पलीकडनं आई सांगायची, "38. कोयनेतनं सोडलंय म्हणतात, रात्री चढंल." मग मी गंभीर व्हायचे. चारपाच दिवसांनी त्यानं हळूच विचारलं, "कसे आहेत आता ते?"

तर आयर्विन म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा पूल. 1929 साली लॉर्ड आयर्विननं उद्घाटन केलं म्हणून आयर्विन. साहेब गेला, साहेबाचं राज्य गेलं, आम्ही अजून त्याच्या नावावर फूट मोजतोय. पुलाखाली पाण्याची पातळी मोजायची पट्टी आहे, 40 फुटाला इशारा आणि 45 ला धोका, आणि हे दोन आकडे सांगलीत शाळेत न गेलेल्या माणसाला पण माहीत असतात. कोल्हापूरवाल्यांचं वेगळं, ते राजाराम बंधाऱ्याचं सांगतात, त्यांचा इशारा 39 आणि धोका 43. जुलैऑगस्टमध्ये दोन्हीकडचे पाव्हणे एखाद्या बारशाला वगैरे एकत्र आले की ऐकावं, एकानं म्हणायचं आमचं 41 झालं, दुसऱ्यानं म्हणायचं आमचं 44, आणि दोघांच्या आवाजात काळजीबरोबर थोडी ऐट पण असते, खोटं का बोला.

मला नद्या आवडतात. हे वाक्य लिहायला सोपं आहे, आणि इन्स्टावर घाट, पणत्या, धुकं असले फोटो टाकणाऱ्या सगळ्यांनाच त्या आवडतात, पण माझं आवडणं तसलं नाही बहुतेक. मला नदी दिसली की पहिल्यांदा तिचं पाणी कुठपर्यंत येतं ते बघावंसं वाटतं. पुलाच्या खांबावरचा ओला डाग, काठावरच्या झाडात वरती अडकलेलं गवत आणि प्लास्टिक, घाटाच्या किती पायऱ्या शेवाळलेल्यात. कुठल्याही गावात गेले की मी हे बघते. नाशिकला गेले तरी, वाईला गेले तरी. सवय आहे, जशी काही बायकांना दुसऱ्याच्या घरी गेलं की पडद्यांचं कापड बघायची असते तशी.

ही सवय अण्णांची. आम्ही गावभागात राहायचो, घरापासून नदी चालत सातआठ मिनिटं. पावसाळ्यात अण्णा रोज संध्याकाळी पुलावर जायचे, छत्री घेऊन, आणि मी त्यांच्याबरोबर. पुलावर अर्धी सांगली असायची. शेंगा, कणसं, लहान पोरं खांद्यावर. कठड्याला टेकून सगळे खाली बघणार आणि अनोळखी माणूस अनोळखी माणसाला सांगणार की सकाळपासनं दीड फूट वाढलं. तांबडं पाणी, मध्येच एखादं अख्खं झाड फिरत फिरत येणार, कुठल्यातरी मळ्यातला भोपळा येणार. आणि पोरं पुलावरनं उड्या मारायची. अण्णा मला म्हणायचे बघू नको, आणि स्वतः बघायचे, कारण त्यांनी पण मारलेल्या.

पोहायला मी नदीतच शिकले. आमच्याकडं पोहणं नाही, पवणं. पाठीला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा, तोंड झाळून बंद केलेला, आणि अण्णा द्यायचे ढकलून. डबा पाठीला घासायचा, संध्याकाळी आई तिथं खोबरेल लावायची. एक उन्हाळा डब्याबरोबर गेला, दुसऱ्या उन्हाळ्यात डबा सुटला, तिसऱ्या उन्हाळ्यात मी अर्ध्या पात्रापर्यंत जाऊन यायला लागले, आणि मग मी अकरा वर्षांची झाले आणि आई म्हणाली आता बास. एवढंच. काही भांडण नाही, समजावणं नाही. माझा भाऊ माझ्यानंतर शिकला आणि तो अजून गेला की उडी मारतो, मी काठावर त्याचा टॉवेल धरून उभी. कधीकधी वाटतं की नदीकडं एवढं बघत बसायची सवय त्या "आता बास" नंतरच लागली असावी, आत जाता येत नाही तर बघा काठावरनं.

आईचं माहेर अंकलखोप, औदुंबरच्या शेजारी. तिथली कृष्णा म्हणजे सांगलीचीच नदी पण वागायला वेगळी. सांगलीत नदी म्हणजे घाट, पूल, गणपती, होड्यांच्या शर्यती, सगळं जरा प्रोग्राम असल्यासारखं. अंकलखोपला नदी म्हणजे शेताची मागची बाजू. मामाच्या बोलण्यात नदी फारशी यायचीच नाही, मोटार यायची. मोटार चालू आहे का, मोटार काढायला पाहिजे, मोटार जळाली. काठावर ओळीनं मोटारी आणि पाइपा, आणि पाणी चढायला लागलं की पहिली धावपळ माणसांची नाही, मोटारी वर ओढायची. उन्हाळ्यात उपसाबंदी लागली की मामाचं तोंड बघवायचं नाही. आणि मळीची जमीन. नदीकाठची गाळाची, काळी, पाय टाकला की आत जाणारी. कृष्णाकाठच्या वांग्याचं एवढं कौतुक करतात ना, ते त्या मळीचं कौतुक आहे. गंमत म्हणजे आमच्याकडं दुसरी पण एक मळी आहे, साखर कारखान्याची, आणि पेपरात "मळीमिश्रित पाण्यामुळे मासे मृत" असं दरवर्षी एकदातरी येतं, आणि लहानपणी मला वाटायचं की ज्या मळीत वांगी येतात त्याच मळीनं मासे कसे काय मरतात. एकच शब्द. एक नदी देते ती आणि एक आपण नदीला देतो ती.

औदुंबरला देवळासमोरनं नाव असायची, पलीकडं भुवनेश्वरीला जायला. नाव चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळं गाव मामाच म्हणायचं, म्हणजे माझे तिथं दोन मामा. हे नाववाले मामा कधी घाई करायचे नाहीत, पाच माणसं झाल्याशिवाय निघायचे नाहीत, आणि मधोमध गेलं की वल्हं मारायचं थांबून बिडी पेटवायचे. त्या दोन मिनिटांत जो आवाज यायचा, किंवा आवाज नसणं, नावेच्या बुडाला पाणी चुळुक चुळुक लागायचं तेवढंच, ते मला अजून झोप येत नसली की आठवून आठवून झोप येते. त्या पट्ट्यात आता मगरी आहेत. तशा आधीपण होत्या म्हणतात, पण आता व्हिडिओ येतात. मामेभाऊ पाठवतो, खाली लिहितो "आपला घाट", हसऱ्या इमोजीसकट.

असं सगळं गोडगोड लिहिलं की कुणी म्हणेल, बाई, पुरात घर गेलं असतं तर कळलं असतं. गेलंय ना. 2005 ला पाणी 53 फुटाच्या वर गेलं, तेव्हा आमच्या घराच्या पायरीला लागून माघारी फिरलं. हरिपूरला जमिनीत हळद साठवायची पेवं होती, पिढ्यान्‌पिढ्या चाललेली, त्यातली बरीच त्या पुरात गेली. आमच्या गल्लीत मात्र सगळ्यांनी ठरवून टाकलं की आता यापेक्षा जास्त काही येत नाही, पायरी ही लिमिट. मग 2019 चा ऑगस्ट आला आणि आयर्विनला साडेसत्तावन्न फूट झालं.

अण्णा तोवर गेले होते, आई एकटी. 52 झालं तेव्हा मी फोनवर सांगत होते की आता नीघ, तर तिचं चाललेलं, अगं 2005 ला नाही आलं. शेवटी शेजारच्या पोरानं तिला आणि तिच्या एका पिशवीला उचलून मावशीकडं विश्रामबागला सोडलं, उंचावर. पण निघायच्या आधी तिनं काय केलं, तर उंबऱ्याशी पाणी आलं होतं त्याची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. पूर आला की नदीची ओटी भरायला बायका घाटावर जातातच आमच्याकडं, पण ह्यावेळी घाट घरी आला होता. मी तिला नंतर चिडून म्हटलं, गॅसचं सिलिंडर वर ठेवलं नाहीस, कागदपत्रं अर्धी खालीच, आणि ओटी कसली भरतेस? तर म्हणाली, "माहेरवाशीण आल्यागत आलीय, ओटी भरायची आणि वाटेला लावायचं. रिकामी कशी पाठवायची?"

वाटेला लागायला तिला आठवडा लागला.

रस्ता सुरू झाल्यावर मी आणि भाऊ पोचलो तेव्हा पाणी उतरत होतं. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, पाणी पूर्ण उतरायची वाट बघायची नसते. पाणी गुडघ्याएवढं असतानाच आत शिरायचं, खराटा घेऊन, आणि त्याच पाण्यानं चिखल ढवळत ढवळत बाहेर ढकलायचा. जसं पाणी मागं सरकेल तसं आपण त्याच्या मागनं. कारण एकदा पाणी गेलं आणि गाळ बसला की त्याचं सिमेंट होतं, मग फावडं. शेजारच्यांनी दोन दिवस उशीर केला, त्यांच्या कपाटाची दारं महिनाभर उघडली नाहीत. आमच्या स्वयंपाकघरात पत्र्याची गव्हाची कोठी होती, आजीच्या वेळची, ती गहू फुगून शिवणीत उकलली होती, आणि त्या फटीतनं गव्हाला कोंब आलेले, पांढरे, बोटभर, अंधारात. एवढा वास, एवढा राडा आणि त्यात हे. भिंतीवर पाण्याची रेघ अगदी पट्टीनं मारल्यासारखी. अण्णांच्या फोटोच्या बरोबर गळ्यापर्यंत. आई तीनचार मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "जाऊ दे. त्यांना पवायला येतंय."

त्यानंतर वर्षभर मला नदी बघायची इच्छा नव्हती. सांगलीला गेले की पुलावरनं जाताना मोबाइल काढायचे. 2021 ला परत 55 च्या आसपास गेलं, परत गाळ, परत रेघ, फक्त ह्यावेळी कोठी नव्हती. कोयना धरण 105 टीएमसी, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं पाणी कधी सोडायचं, त्याचा फुगवटा येतो का येत नाही, पूररेषेत कुणी काय बांधलं, ह्या विषयावर सांगलीत रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकाचा एक सिद्धांत आहे आणि प्रत्येकजण तो क्युसेकमध्ये सांगतो. मी त्यात पडत नाही. मला एवढंच कळतं की आमची गल्ली आणि नदी ह्यांच्यामध्ये माझ्या लहानपणी जे मोकळं होतं ते आता मोकळं नाही.

आता पुणे. मी 2001 ला नोकरीसाठी आले, नारायण पेठेत एका आजींकडं पेइंग गेस्ट. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी विचारलं, नदी कुठं आहे इथं? आजी म्हणाल्या, "नदी? कशाला?" मग जरा विचार करून, "अच्छा, नदीपात्र होय, असं सरळ जा खाली." तेव्हा मला ते विचित्र वाटलं, पण पुढं लक्षात आलं की पुण्यात सगळे असंच बोलतात. नदीपात्रातनं जा, ट्रॅफिक नसतो. गाडी पात्रात लाव. पात्रात भेळ चांगली मिळते. पात्रात लग्नाचा हॉल आहे. पात्र आहे, नदीचं काय ते कुणी बोलत नाही. म्हणजे घरात भांडं दाखवायचं आणि आमटीचं नाव काढायचं नाही.

आणि खरंच, पाहिलं तर मुठा म्हणजे मधोमध एक काळी रेघ. जलपर्णी, थर्माकोल, निर्माल्याच्या पिशव्या, वास. मी झेड ब्रिजवर उभी राहून (आजूबाजूला सगळ्या जोड्या, मी एकटीच पाणी बघतेय) चक्क रडवेली झाले होते. पुढं समजलं ते साधं गणित आहे. वर टेमघर, वरसगाव, पानशेत ही धरणं, आणि त्यांच्या खाली खडकवासला. खडकवासल्यातनं पाणी कालव्यात जातं आणि नळाला जातं, पावसाळा सोडला तर नदीत सोडायला उरतं काय. नळाचं पाणी आपण वापरतो आणि मग ते फिरून नदीत येतं. म्हणजे वर्षातले आठनऊ महिने मुठा उगम पावते ती आमच्याच बाथरूममध्ये. घाण नदी म्हणून नाक मुरडायला मला तेव्हापासून जरा लाजच वाटते.

पण पंचवीस वर्षं एका नदीच्या शेजारनं रोज ये-जा केली की काहीतरी होतंच. माझ्या ऑफिसचा रस्ता बरीच वर्षं भिडे पुलावरनं होता. ॲक्टिव्हावर, थंडीतल्या सकाळी, पाण्यावर वाफ यायची (वाफ का ते विचारू नका) आणि त्यात शेकाटे, ते लाल काडीसारख्या लांब पायांचे, घाणीत चोच घालून इतके टापटीप उभे की जणू इस्त्री करून आलेत. केबलवर खंड्या. थर्माकोलच्या तुकड्यावर बसून ढोकरी खाली खाली वाहत जायची, एकदम व्हीआयपी. एकदा म्हात्रे पुलाखाली एक माणूस गळ टाकून बसलेला दिसला, गाडी लावून खाली उतरून विचारलं, लागतात का मासे? म्हणाला, लागतात. खाता? म्हणाला, मी नाही खात, लागतात म्हणून बसतो. मला तो माणूस फार जवळचा वाटला.

आणि भिडे पूल. पुण्यात पाऊस किती झाला ह्याचं एकच माप, भिडे पूल पाण्याखाली गेला का. खडकवासल्यातनं विसर्ग वाढवला की बातमी येते, फोटो येतो, मीम येतात, लोक बघायला येतात. शेंगा, कणसं, खांद्यावर पोरं. पहिल्यांदा ती गर्दी बघितली तेव्हा मी गाडी थांबवून तासभर उभी राहिले. लकडी पुलाचा कठडा, तांबडं पाणी, आणि शेजारचा अनोळखी माणूस मला सांगतोय की सकाळपेक्षा वाढलं हं. मी त्याला म्हटलं, किती फूट? तो म्हणाला, फूट नाही माहीत, पण भिडे गेला. चालेल. तेवढं चालेल.

नारायण पेठेतल्या त्या आजी मात्र कधी बघायला यायच्या नाहीत. त्यांचं सगळं आयुष्य "पानशेतच्या आधी" आणि "पानशेतच्या नंतर" असं होतं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलं, आणि पाणी पेठांमधनं गेलं. त्यांचं घर गेलं, नवऱ्याचं दुकान गेलं, बरेच नातेवाईक सहकारनगर, गोखलेनगरकडं पूरग्रस्तांच्या वसाहतीत गेले, ह्या मात्र परत पेठेतच आल्या. मला म्हणायच्या, "तू नदी नदी करतेस, मी तिच्याशी बोलत नाही." चाळीस वर्षं अबोला. आणि घर तिच्यापासून पाच मिनिटांवर. अबोला धरायला पण जवळच राहावं लागतं बहुतेक. आता त्या नाहीत. 2019 नंतर मी पुलावर मोबाइल काढायचे तेव्हा मला त्या आठवायच्या.

2024 च्या जुलैत, 25 तारखेच्या पहाटे, सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं. खडकवासल्यातनं 35,000 क्युसेकच्या वर सोडलेलं. आम्ही तिथनं जवळच राहतो, उंचावर आहोत, पण माझ्या ऑफिसमधली एक मुलगी तिथं तळमजल्यावर. पाचला तिचा फोन, मॅडम पार्किंगमध्ये पाणी आहे, काय करू? आणि मला स्वतःचंच नवल वाटलं, मी अर्धवट झोपेत फटाफट सांगत होते, मेन स्विच बंद कर, सिलिंडरचा रेग्युलेटर काढ, कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर, गाद्या टेबलावर, प्यायचं पाणी भरून घे, गाडीचा विचार सोड. दुपारी पाणी उतरायला लागलं तेव्हा मी खराटा घेऊन गेले. सोसायटीतले लोक गेटवर उभे राहून पूर्ण उतरायची वाट बघत होते, मी म्हटलं अहो थांबू नका, आत्ताच ढकला. एका काकांनी विचारलं, तुम्ही फायर ब्रिगेडमधून का? म्हटलं नाही हो, सांगलीची.

नदीसुधार प्रकल्पाचं काम चाललंय, एकूण 44 किलोमीटरचं. बंडगार्डनकडं जो भाग झालाय तिथं जाऊन आले. चालायला छान आहे, बाकं आहेत, संध्याकाळी लोक येतात, लोक काठावर येणं हे चांगलंच. पण दोन्ही बाजूंनी असं नीट बांधून काढलेलं बघितलं की माझं डोकं लगेच हिशोब करतं की 35,000 आले की हे कुठं जाणार. जिच्या घरात पाणी आलंय तिला अरुंद नदी बघवत नाही. बाकी तज्ज्ञ आहेत, बघतील.

ह्या दोन नद्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे हे मला बरेच दिवस सुचलंच नव्हतं. एक माझी, एक नवऱ्याची. मग लॉकडाऊनमध्ये मुलीचा भूगोलाचा अभ्यास घेताना नकाशावर बोट फिरवत होते. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळामुठा पुढं रांजणगाव सांडसला भीमेला. भीमा दौंडवरनं उजनीत, नीरा नरसिंहपूरला तिला नीरा मिळते, मग पंढरपूर, तिथं नाव चंद्रभागा, मग कर्नाटकात गाणगापूर. दुसरं बोट आयर्विनवर. हरिपूरला वारणा मिळाली, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा, मग कर्नाटक, अलमट्टी, नारायणपूर. आणि रायचूरच्या जरा वर, जिथं कर्नाटक संपून तेलंगण लागतं तिथं, दोन्ही बोटं एकमेकांवर आली. मी मुलीला म्हटलं, अगं बघ! ती म्हणाली, हे पेपरला नाहीये.

आईला सांगितलं तर तिला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. ती म्हणाली, मग त्याच्याच खाली कुरवपूर. दत्तभक्त बायकांचा नकाशा वेगळा असतो. औदुंबर आणि वाडी कृष्णेवर, गाणगापूर भीमेवर, आणि कुरवपूर कृष्णेतलं बेट, त्या संगमाच्या खाली. तिचं सगळं झालं होतं, कुरवपूर तेवढं राहिलं होतं. वाडीला तर ती दक्षिणद्वाराच्या स्नानाला पण कितीदा गेलीय, म्हणजे नदी चढून देवळात शिरते, पादुकांवरनं जाऊन दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते, तेव्हा त्या दारात अंघोळ. आपल्या घरात शिरलेलं पाणी आणि देवाच्या घरात शिरलेलं पाणी ह्यात तिला काडीचा फरक वाटत नाही, हे मला आता आता कळायला लागलंय.

मग एका जानेवारीत गेलोच दोघी, पुण्याहून रेल्वेनं. भिगवणला उजनीचा फुगवटा दिसतो तो मी तिला दाखवला, ती पेंगत होती. पुढं वाडी जंक्शन आलं तर एकदम उठून हात जोडायला लागली, म्हटलं आई ही वाडी आपली नव्हे. रायचूरच्या अलीकडं एक छोटं स्टेशन आहे, नाव कृष्णा. पाटी वाचून तिनं जो चेहरा केला, जणू परगावात कुणीतरी आपल्या गल्लीतलं भेटलं. मग रायचूर, तिथनं गाडी करून नदीकाठ, आणि पुढं बेटावर जायला गोल टोपली. पुट्टी म्हणतात तिकडं. आईची गुडघेदुखी, दोघांनी धरून बसवली. नावाडी कन्नड बोलणारा, थोडी हिंदी, वय माझ्याएवढंच. थंडीचे दिवस, पाणी हिरवट आणि एकदम शांत, मध्ये मध्ये खडक, आणि टोपली सरळ जातच नाही, स्वतःभोवती फिरत फिरत जाते.

आईनं कडेवरनं हात खाली सोडला, पाण्यात. डोळे मिटले. म्हणाली, "वाडीचं पाणी गं हे."

मला राहवलं नाही. म्हटलं, "पुण्याचं पण आहे. भीमेतनं आलेलं."

तिनं पटकन हात बाहेर काढला. पदराला पुसला. भिडे पुलाखालची नदी तिनं नाकाला पदर लावून बघितलेली आहे. मग थोडा वेळ पाण्याकडं बघत राहिली, टोपलीनं एक अख्खी गिरकी घेतली तेवढा वेळ, आणि परत हात आत घातला, ह्या खेपेस पार मनगटापर्यंत.

"त्याला विचार," नावाड्याकडं मान करून म्हणाली, "पावसाळ्यात इथं कुठवर येतं."

मी मोडक्या हिंदीत विचारलं. त्यानं वल्हं पाण्यातनं वर काढलं आणि समोर बेटाच्या काठावर एक चिंच होती, तिच्या वरच्या फांदीकडं दाखवलं. फांदीत काहीतरी पांढरं अडकलेलं होतं.

"बाई गं," आई म्हणाली, आणि मोजायला लागली.